शेजारच्या रॉटवायलरचा बंदोबस्त : आधी बोलणे की आधी तक्रार?

रानजाई (नाशिक)

आमची वसाहत रो-हाउसची असून आमच्या आणि शेजारच्या अंगणामध्ये जेमतेम चार फुटांची सामाईक भिंत आहे. शेजारी एक निवृत्त दांपत्य राहते आणि त्यांच्याशी आमचे जुने, सलोख्याचे संबंध आहेत. माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काकूंनीच आमचे घर सांभाळले होते. त्यांच्या मुलाने हौसेने रॉटवायलर जातीच्या कुत्र्याचे पिल्लू आणले, वर्षभर वाढवले आणि नोकरीनिमित्त हैदराबादला जाताना ते आईवडिलांकडे ठेवून गेला. आता तो नर अडीच वर्षांचा असून त्याचे वजन पन्नास किलोच्या आसपास असावे. सत्तरी ओलांडलेल्या काकांना त्याचा पट्टा धरून ठेवणे झेपत नाही, त्यामुळे त्याचे फिरणेही जवळपास बंदच झाले आहे.

दिवसभर तो पोर्चमध्ये साखळीला असतो आणि संध्याकाळी आवारात मोकळा सोडला जातो. आमच्या अंगणात कोणी आले की तो भिंतीवर पुढचे पाय टाकून गुरगुरतो, आणि आई काठी टेकत तुळशीपाशी गेली की त्याचा आवेश वाढतो. त्यांची गाडी बाहेर काढताना सरकते फाटक उघडे राहते. अशाच एका वेळी तो रस्त्यावर आला, पेपर टाकणाऱ्या मुलाच्या अंगावर धावून गेला आणि त्याची विजार फाडली. सुदैवाने दात लागले नाहीत, परंतु तेव्हापासून तो मुलगा आमच्या गल्लीचे पेपर कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून जातो. काकांशी बोलले असता त्यांनी, "अगं, तो काही करत नाही, नुसता अंगावर जातो," असे उत्तर दिले. अंगावर जाणे म्हणजे काही न करणे कसे, हे त्यांना विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. प्रत्यक्ष चावा झालेला नसताना कायद्याने काही करता येते का? ही जात सरकारने बंद केली आहे असे गल्लीतले काही जण ठामपणे सांगतात, ते खरे आहे का? आणि काका-काकूंना पोलीस ठाण्याची पायरी चढायला न लावता हे प्रकरण मिटवण्याचा काही मार्ग आहे का?

स्पष्टवक्ता (पुणे)

आपण फारच सोशिक आहात. पन्नास किलोचा प्राणी भिंतीवर पाय टाकतो आणि आपण जुने संबंध मोजत बसला आहात. सर्व रहिवाशांच्या सह्यांनिशी 'कुत्रा आठ दिवसांत वसाहतीबाहेर न्यावा' असा ठराव करून त्यांच्या हाती द्यावा. तोवर कुत्र्याला रोज भिंतीवरून बिस्किटे टाकावीत, म्हणजे तो आपल्याला ओळखू लागेल.

साक्षीपुरावा (छत्रपती संभाजीनगर)

मी दिवाणी आणि फौजदारी दोन्ही न्यायालयांत वकिली करतो. वर सुचवलेल्या ठरावापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक वसाहती नेमकी हीच वाट धरतात आणि तिथेच अडकतात. पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालणारा ठराव, तो बहुमताने केलेला असला तरी, टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गृहसंस्थांना तसे करता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. असा ठराव हाती पडला की कुत्र्याच्या मालकाला आयतीच ढाल मिळते आणि मूळ प्रश्न, म्हणजे उघडे राहणारे फाटक, बाजूला पडून वाद प्राणिप्रेम विरुद्ध प्राणिद्वेष असा होऊन बसतो.

जातीवरील बंदीबाबत. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून तेवीस प्रकारच्या आक्रमक जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले होते आणि त्या यादीत रॉटवायलरही होता. तथापि कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द ठरवले. शिवाय त्या पत्रातसुद्धा आधीपासून घरी असलेले कुत्रे जप्त करा असे म्हटलेले नव्हते. त्यांची नसबंदी करा, पुढे पैदास होऊ देऊ नका, एवढेच म्हटले होते. म्हणून 'ही जातच बेकायदा आहे' हा मुद्दा तक्रारीत घालू नये. एक वाक्य खोटे ठरले की उरलेली नऊ खरी वाक्येही संशयास्पद वाटू लागतात.

आता आपला मुख्य प्रश्न. चावा होईपर्यंत कायदा हात बांधून बसतो हा समज चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ हे प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाविषयी आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी व्यवस्था जाणूनबुजून किंवा हयगयीने न करणे हाच तेथे अपराध आहे. सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा असून गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते आणि दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. 'संभाव्य धोका' हे शब्द आपल्या उपयोगाचे आहेत, कारण त्यांत दात लागण्याची अट नाही. उघडे फाटक आणि फाटलेली विजार यांवरूनही धोका दाखवता येतो.

दुसरे शब्द आहेत 'ताब्यातील प्राणी', आणि आपल्या प्रकरणात सर्वांत मोठे वजन त्यांनाच आहे. पिल्लू कोणी विकत आणले, पावती कोणाच्या नावावर आहे, हे कलम विचारत नाही. आज तो प्राणी कोणाच्या ताब्यात आहे एवढेच विचारते. म्हणजे उद्या काही विपरीत घडले तर आरोपी म्हणून उभे राहतील ते सत्तरीतले काका, हैदराबादला असलेला मुलगा नव्हे. ही गोष्ट त्या मुलाच्या ध्यानात आलेली नसावी असा माझा अंदाज आहे. पोलिसांकडे जाण्यापूर्वी त्याला एक फोन करून आपण हे शांतपणे सांगितले, तर कदाचित काकांना महिनोन्महिने समजावण्याची गरज पडणार नाही.

याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे किंवा तसा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठीच्या या कलमात धोकादायक प्राण्याला बंदिस्त ठेवण्याचा किंवा त्याची अन्य विल्हेवाट लावण्याचा सशर्त आदेश देण्याची तरतूद आहे. हा मार्ग संथ आहे, पण तेथे कोणाला शिक्षा करण्यापेक्षा धोका थांबवण्यावर भर असतो, त्यामुळे ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत तो मला अधिक सुसह्य वाटतो.

न्यायालयाकडून तत्काळ दिलासा मिळेल अशी आशा मात्र ठेवू नये. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने एका वृद्ध गृहस्थांना चावे घेतले होते. त्या प्रकरणी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ मध्ये. शिक्षा झाली हे खरे, आणि तेरा वर्षे गेली हेही खरे.

रानजाई (नाशिक)

'ताबा' या मुद्द्याचा मी अजिबात विचार केला नव्हता. मुलगा लहानपणापासून आमच्या घरात वावरलेला असल्यामुळे त्याला फोन करणे मला अवघड नाही. परंतु तो साहजिकच विचारेल, "मग मी नेमके काय करू?" त्याला सांगण्याजोग्या निश्चित गोष्टी माझ्याकडे नसतील, तर बोलणे पुन्हा 'तो काही करत नाही' यावरच येऊन थांबेल. आणि बिस्किटांचे काय करावे? गल्लीतही अनेकांनी तेच सुचवले आहे.

गोठा ते दवाखाना (कोल्हापूर)

मी पशुवैद्य आहे. बिस्किटे टाकू नयेत. मालक समोर नसताना, भिंतीवरून, गुरगुरणाऱ्या कुत्र्याला खाऊ टाकल्याने तो भिंतीजवळ अधिक वेळ रेंगाळू लागेल, आणि एखाद्या दिवशी खाऊ न घेता आलेल्या माणसाकडेही त्याच अपेक्षेने झेपावेल. ओळख करून द्यायचीच असेल तर ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, कुत्रा पट्ट्यात असताना, बऱ्याच अंतरावरून सुरू करावी लागते.

आपण वर्णन केलेली परिस्थिती माझ्या दवाखान्यात नेहमी येते. रॉटवायलर हा जर्मनीतील रॉटवाइल गावच्या परिसरात गुरे हाकण्यासाठी आणि राखणीसाठी वाढवलेला कुत्रा आहे. त्याला काम लागते, चालणे लागते आणि आज्ञा देणारा, तो ज्याचे ऐकेल असा माणूस लागतो. या कुत्र्याच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकदम गेल्या. त्यातच मोठ्या जातींचे नर साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मानसिकदृष्ट्या प्रौढ होतात आणि आपली हद्द राखण्याची वृत्ती याच काळात उघड दिसू लागते. म्हणजे मुलगा गेला तो नेमक्या नको त्या वेळी. दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला समोरचे सगळे दिसते पण तेथवर पोहोचता येत नाही, त्यामुळे त्याची चिडचिड साचत जाते. त्यात भर म्हणजे तो भुंकतो आणि माणूस निघून जातो. माणूस आपल्या कामाने पुढे गेलेला असतो, पण कुत्रा समजतो की आपण त्याला पळवून लावले, आणि हा विजय त्याला रोज मिळतो. म्हणून भुंकून भुंकून तो एक दिवस थकेल ही आशा व्यर्थ आहे.

मुलाला सांगायच्या गोष्टी मी महत्त्वाच्या क्रमाने लिहितो. सर्वांत आधी फाटक. सरकत्या फाटकाच्या आत, पोर्चच्या तोंडाशी, आपोआप बंद होणारे दुसरे लहान दार बसवावे, जेणेकरून गाडी काढताना बाहेरचे फाटक उघडे असले तरी कुत्र्याला रस्ता मिळणार नाही. स्थानिक फॅब्रिकेटर हे काम सहज करतो आणि या एकाच गोष्टीने रस्त्यावरचा धोका बहुतांशी संपतो. प्रशिक्षण, स्वभाव, नसबंदी यांवरची चर्चा महिनाभर पुढे गेली तरी चालेल. दार पुढे ढकलू नये.

त्यानंतर नजर अडवणे. सामाईक भिंतीवर आरपार न दिसणारा पत्रा किंवा फायबरची शीट लावावी. हिरवी जाळी चालत नाही, कारण तिच्यातून हालचाल दिसतेच. आपली आई आणि तिची काठी त्याच्या दृष्टीस पडली नाही तर त्याच्या दिवसातले निम्मे तंटे आपोआप मिटतील. तो अजून भिंत ओलांडून आलेला नाही याचे कारण त्याला ते जमत नाही हे नसून त्याने अजून तसे ठरवलेले नाही, एवढेच आहे. चार फूट ही त्या कुत्र्याला अडवणारी उंची नव्हे.

तिसरी गोष्ट तपासणीची. वागणे थोड्या काळात बिघडले असेल तर वेदना नाही ना हे आधी पाहावे लागते. या जातीत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे विकार बरेच आढळतात. कानाचा जुना संसर्गही कुत्र्याला चिडका करतो. अनेकांना वाटते की नसबंदी केली म्हणजे कुत्रा शांत होतो. भटकणे, माद्यांच्या मागे जाणे, इतर नरांशी भांडणे हे काही प्रमाणात कमी होते. परक्या माणसावर धावून जाणे कमी होईलच अशी हमी मी कोणालाही देत नाही.

बाहेर नेताना मुसके घालायचे असेल तर ते जाळीदार टोपलीसारखे असावे, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते. कापडी, घट्ट आवळणारे मुसके दवाखान्यात दोन मिनिटांसाठी ठीक असते. ते घालून नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात फिरवले तर उष्माघात होऊ शकतो, कारण कुत्रा शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो. मुसक्याची सवयही हळूहळू, त्यात खाऊ ठेवून लावावी लागते. आणि काठीने किंवा विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याने 'सरळ करून देतो' म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला फाटकाबाहेरच ठेवावे. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही. म्हणजे सूचना बंद होते आणि धोका तसाच राहतो.

दोन श्वानांचा पालक (ठाणे)

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही पालकांच्या बाजूने एक गोष्ट मांडावीशी वाटते. अशा चर्चांमध्ये 'कुत्रा कायम बांधून ठेवा' हीच मागणी पुढे येते आणि घाबरलेले पालक ती मान्यही करतात. पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये अवाजवी काळ साखळीत ठेवणे, तसेच नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हेही अपराध मानले आहेत. म्हणजे काका आज करत आहेत तो उपाय माणसांसाठी अपुरा आहे आणि कुत्र्यासाठी बेकायदा ठरू शकतो. मुलाला फोन करताना हेही सांगावे, कारण 'आम्ही बांधून ठेवतो ना' हे त्याचे पहिले उत्तर असणार.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या घरात हा कुत्रा सांभाळण्याची शारीरिक ताकद कोणाकडे नाही, आणि दार बसवल्याने ती येणार नाही. मुलाने त्याला हैदराबादला न्यावे, किंवा रोज सकाळ-संध्याकाळ फिरवणारा जाणकार माणूस पगारावर ठेवावा. दोन्ही शक्य नसेल तर मोठ्या जाती हाताळण्याचा अनुभव असलेले घर शोधावे, आणि नव्या घराला त्याच्या वागण्याचा सगळा इतिहास मोकळेपणाने सांगावा. दूरच्या शेतावर नेऊन सोडून देण्याचा विचार कोणीही मनात आणू नये. तोही त्याच १९६० च्या कायद्याखाली अपराध आहे, आणि शेतावर माणसे राहतात.

स्पष्टवक्ता (पुणे)

बिस्किटांचा सल्ला मागे घेतो. परंतु सामान्य माणसाने दंडाधिकारी, पशुवैद्य, फॅब्रिकेटर आणि प्रशिक्षक असे चार उंबरठे झिजवायचे आणि कुत्र्याच्या मालकाने नुसते 'बघतो' म्हणायचे, हा न्याय मला पटत नाही. अशाने लोक शेवटी विषाचा मार्ग धरतात, हे आपण सर्व जाणतो.

साक्षीपुरावा (छत्रपती संभाजीनगर)

धरतात, आणि मग पीडिताचा आरोपी होतो. प्राण्याला विष देऊन मारणे किंवा जायबंदी करणे हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. निष्काळजी मालकाला सहा महिने आणि विष घालणाऱ्याला पाच वर्षे, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. ते खाद्य गल्लीतले दुसरे जनावर किंवा एखादे मूल उचलू शकते, हा भाग वेगळाच.

आपल्या तक्रारीतला न्यायाचा भाग मात्र मला मान्य आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे कागद. रानजाई यांनी मुलाशी बोलणे चांगले झाले तरी काकांच्या नावे एक पत्र द्यावेच. 'आपला कुत्रा अमुक दिनांकास सकाळी उघड्या फाटकातून रस्त्यावर येऊन पेपर टाकणाऱ्या मुलाच्या अंगावर धावून गेला व त्यात त्याचे कपडे फाटले. घरात ज्येष्ठ व्यक्ती असल्याने आम्हांस काळजी वाटते. फाटकाच्या आत दुसरे दार व सामाईक भिंतीवर आडोसा महिन्याच्या आत करावा ही विनंती. आडोशाच्या खर्चात आम्ही वाटा उचलण्यास तयार आहोत.' एवढे पुरे. त्यात कलमे घालू नयेत, 'हिंस्र' किंवा 'नरभक्षक' असे शब्द वापरू नयेत, आणि प्रतीवर पोच घ्यावी. पोच मागणे संकोचाचे वाटत असेल तर स्पीड पोस्टाने पाठवावे किंवा त्याच मजकुराचा संदेश मोबाइलवर पाठवून तो जपून ठेवावा.

पत्राचे महत्त्व असे की पुढे दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागण्याची वेळ आली तर 'कुत्र्याचा स्वभाव आम्हांला ठाऊक नव्हता' हा नेहमीचा बचाव उरत नाही. पेपर टाकणाऱ्या मुलाच्या पालकांकडून दोन ओळी लिहून घेता आल्या तर घ्याव्यात. गल्लीत कोणाकडे सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचे चित्रण तातडीने उतरवून घ्यावे, कारण बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. तसेच महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्र्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. परवाना आहे का, असल्यास कोणाच्या नावे आहे, हे मुलाला विचारावे. नसेल तर तो काढण्याच्या निमित्ताने लसीकरण तरी अद्ययावत होईल.

रात्रपाळी (सातारा)

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. लसीकरणाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते, कारण 'पाळीव आहे, लस दिलेली आहे' एवढ्यावर विसंबून दोन दिवसांनी येणारे रुग्ण आम्ही सतत पाहतो. दात किंवा नख लागून कातडीला ओरखडा जरी आला तरी ती जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ वाटतो आणि लोक दोन मिनिटांत थांबतात, म्हणून घड्याळ लावून धुवावे. त्यावर हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये, आणि जखम ताबडतोब शिवून घेण्याचा आग्रह धरू नये. शिवायची की नाही आणि कधी, हे डॉक्टर ठरवतात.

त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. ती कातडीत दिल्यास पहिला दिवस शून्य धरून शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी घ्यावी लागते. स्नायूत दिल्यास त्यात चौदाव्या दिवसाची भर पडते. रक्त आलेल्या जखमेला तिसऱ्या श्रेणीचा दंश म्हणतात आणि तेथे लसीबरोबरच रेबीजविरोधी सीरम जखमेत व तिच्याभोवती टोचावे लागते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ कधीच संपला आहे, तरी त्या भीतीने ज्येष्ठ मंडळी अजूनही दवाखाना टाळतात. आपल्या आईला हे आधीच सांगून ठेवावे. चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा असतो, पण त्या दहा दिवसांचा निकाल येईपर्यंत लस थांबवायची नसते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते.

आणि कुत्रा खरोखर समोर आलाच तर आईने काठी उगारू नये, पळू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. अंग किंचित तिरपे करून, हात शरीराशी घेऊन स्थिर उभे राहावे आणि त्याचे लक्ष हटल्यावर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावे. काठी टाकून द्यावी असे मात्र मी म्हणणार नाही. ती पुढे, जमिनीला टेकलेली, आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवावी, कारण या वयात तोल जाऊन पडणे हेही चाव्याइतकेच महागात पडते.

रानजाई (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला फोन केला. सुरुवातीला तो थोडा दुखावला आणि 'तुम्हीसुद्धा, ताई?' असे म्हणाला. परंतु गुन्हा दाखल झाला तर तो बाबांवर होईल, हे वाक्य ऐकल्यावर त्याने पुढचे सर्व नीट ऐकून घेतले. परवाना काढलेलाच नव्हता आणि लसीची तारीख उलटून गेली होती. तो शनिवारी येऊन गेला, कुत्र्याला दवाखान्यात नेले, आणि फाटकाच्या आतल्या दाराचे माप फॅब्रिकेटरला देऊन गेला. हैदराबादला नेण्याविषयी मात्र तो काहीच निश्चित बोलला नाही. तिथल्या भाड्याच्या घरात परवानगी नाही म्हणतो. तूर्त फिरवण्यासाठी माणूस शोधण्याचे त्याने कबूल केले आहे. काकूंना पत्र दिले तेव्हा त्यांनी ते वाचून घडी घालून ठेवले आणि पोच म्हणून सही केली. काका दोन दिवस बोलले नाहीत, आज सकाळी बोलले.

आता एक अडचण उरली आहे. पत्र्याचा आडोसा त्यांच्या बाजूने लावायचा की आमच्या, यावर एकमत होत नाही. काकांचे म्हणणे असे की भिंत सामाईक असल्याने आम्ही आमच्या बाजूने लावून घ्यावा.

गोठा ते दवाखाना (कोल्हापूर)

त्यांच्या बाजूने लावावा. आपल्या बाजूने लावला तर भिंतीची वरची कड त्याला पाय टाकायला मोकळीच राहील, आणि पत्र्याला धडका देऊन तो तुमच्या अंगणात पाडण्याचा उद्योग सुरू होईल. भिंतीच्या माथ्यापासून आणखी अडीच-तीन फूट उंची मिळाली पाहिजे आणि वरचा भाग त्यांच्या अंगणाकडे थोडा झुकता असावा. पत्र्याच्या कडा दुमडून घ्याव्यात, नाहीतर त्याचे पंजे कापतील. भिंतीलगत त्यांच्या बाजूला कुंड्या, जुनी टाकी किंवा लाकडाचा ढीग असल्यास तो हलवायला सांगावा; बहुतेक कुत्रे उडी मारत नाहीत, अशा वस्तूंवर चढून ओलांडतात. दार बसेपर्यंत त्यांनी गाडी काढण्याआधी त्याला घरातल्या खोलीत घेऊन दार लावून घ्यावे, आणि तोवर आपल्या आईने तुळशीपाशी जाण्याची वेळ त्यांच्या गाडीच्या वेळेपासून दूर ठेवावी.

साक्षीपुरावा (छत्रपती संभाजीनगर)

खर्चाचा वाटा रोख देऊ नये. फॅब्रिकेटरला थेट द्यावा आणि बिलावर कामाचे वर्णन व दिनांक लिहून घ्यावा. भिंत सामाईक असल्यामुळे काकांची संमती दोन ओळींत त्याच बिलाच्या मागे घेतली तरी चालेल. महिन्याची मुदत संपण्यापूर्वी दार बसले नाही, तर पुढचे पत्र काकांना न पाठवता मुलाला पाठवावे.